पाणी चढते कसे : भाग १४ – हवेने धरलेले झाकण

फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, का गळतो ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण मध्येच आमच्या आरमोरीच्याच एका वाचकाचा फोन आला. त्यांचा मुलगा नागपुरात एका सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाची देखरेख करतो. तिथे पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी असते आणि तिच्यावर पारदर्शक झाकण असते. ते तीन दिवसांपासून निघत नव्हते. “भाऊ, पोट्ट्यानं दोनी हातानं जोर लावला, दोघं लटकले, पन हालत नाही. आता हातोडा मारतो म्हन्ते.” मी म्हटले, आधी हातोडा बाजूला ठेवायला सांगा. ते झाकण प्लास्टिकचे आहे, ठोक्याने तडकेल. आणि केसाएवढी तडक गेली तरी पंप तिथून हवा ओढत राहील, पाणी उचलणार नाही.

प्रश्न पोहण्याच्या तलावाचा असला तरी मला तो वैनगंगेच्या काठावर भेटलेला आहे. उन्हाळी धानाला पाणी द्यायला काठावर जे पंप बसवतात, त्यातल्या कित्येकांना पाणी भरायचे असेच आट्यांचे झाकण असते. एका मे महिन्यात नदी खाली गेली होती. पंपापासून पाण्यापर्यंत चांगले पाच मीटर अंतर पडले होते. झाकण निघेना म्हणून मी पाइप पाना लावला, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून तो लांब केला आणि सगळे अंग टाकले. बिडाच्या झाकणाचा कान तुटून हातात आला. शेजारच्या शेतातले म्हातारे मिस्त्री बांधावरून बघत होते. ते आले, खाली वाकले आणि पंपाच्या पोटाखालचा पाणी काढायचा छोटा बूच अर्धा फेरा सैल केला. आधी सूऽऽ आवाज आला, मग आत बुडबुड ऐकू आली. बुडबुड थांबेपर्यंत त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. मग तळहात ठेवून ते फिरवले. निघाले.

आटे अडकलेच नव्हते. झाकण हवेने दाबून धरले होते.

त्या दिवशी डिलिव्हरीचा वॉल बंद होता आणि खाली फुटवॉल थेंबथेंब गळत होता. पाइपातले पाणी नदीकडे उतरू पाहते, पण त्याची जागा घ्यायला वरून हवा येऊ शकत नाही. मग ते पाणी पाइपात लोंबकळत राहते आणि पंपाच्या पोटातला दाब उतरतो. पाच मीटर पाणी लोंबकळले, तर बाहेरची हवा झाकणाच्या दर चौरस सेंटीमीटरवर अर्धा किलोने भारी पडते. झाकण १८ सेंटीमीटर व्यासाचे धरा. क्षेत्रफळ झाले सुमारे २५४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे भार सव्वाशे किलोच्या वर. चाळीस किलोची धानाची तीन पोती झाकणावर रचली आहेत आणि आपण ते खालून फिरवू बघतो आहोत!

हा हिशेब मला फार आवडतो. हवेचा हाच जोर दाखवायला जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात ऑटो फॉन गेरिके याने १६५७ साली तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी गोल सुटेनात. तोटी उघडून हवा आत सोडली की तेच अर्धगोल हाताने वेगळे व्हायचे. गेरिकेची तोटी आणि आमच्या मिस्त्रींचा बूच, दोन्ही एकच काम करतात.

तर नागपूरचे काय? मी त्या मुलाशी स्वतः बोललो. जाळी साफ करायच्या वेळी तो आधी तलावाकडून येणारा वॉल बंद करायचा आणि मग जाऊन मोटर बंद करायचा. या दोन कामांच्या मधल्या मिनिटात पंप बंद नळीतून पाणी ओढत होता. ती ओढ आत कोंडली जायची. क्रम उलटा हवा. आधी मोटर बंद, मग वॉल.

त्याला सांगितले, मोटरची वीज मेन स्विचवरून तोड. दोन्ही वॉल बंद ठेव, नाहीतर तलाव पंपापेक्षा उंच असेल तर झाकण निघताच पाणी उसळेल. फिल्टरच्या डोक्यावर हवा सोडायची तोटी असते, ती उघडून दाबाचा काटा शून्यावर आला का बघ. पुढच्या बाजूला दाब शिल्लक असेल तर झाकण निसटून तोंडावर येते. ही भीती खरी आहे, म्हणून झाकणावर ओणवे व्हायचे नाही. मग जाळीच्या डब्याखालचा बूच सैल कर आणि आवाज ऐक.

आवाज आलाच नाही, तर मात्र अडचण हवेची नाही. मग आट्यांत रेती असते किंवा रबराची रिंग वाळून चिकटलेली असते. अशा वेळी कडेने कोमट पाणी सोडावे, पाच मिनिटे थांबावे, झाकण आधी किंचित आवळावे आणि मग उलटे फिरवावे. रिंगेची पकड सुटताना अगदी हलका ‘टक्’ येतो. हात पुरत नसेल तर गाडीचा ऑइल फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना घ्यावा. तो जोर सगळ्या कडेवर सारखा वाटतो, पाइप पान्यासारखा एका कानावर नाही.

रात्री फोन आला. बूच सैल करताच सूऽऽ झाले आणि झाकण एका हाताने निघाले. पण रिंग चपटी झाली होती आणि मुलगा तिला व्हॅसलिन लावायला निघाला होता. त्याला थांबवले. खनिज तेलापासून केलेल्या ग्रीसने बऱ्याच जातींचे रबर फुगते, आणि फुगलेली रिंग पुन्हा खाचेत बसत नाही. नवी रिंग आण आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा बोटभर हात दे, म्हटले.

फुटवॉल पुढच्या आठवड्यात. वाचकांनी तोवर आपापल्या फुटवॉलची चामडी पट्टी काढून उजेडात धरून बघावी.