मातीतील जीवाणू आणि नवी औषधे

मृगाचा पहिला पाऊस पडला की तापलेल्या जमिनीतून सुवास दरवळू लागतो. हा सुवास मुख्यत्वे मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूंनी तयार केलेल्या पदार्थाचा असतो. हे जीवाणू पालापाचोळा व शेणखत कुजवून पिकास अन्न मिळवून देतातच. शिवाय माणसाच्या व जनावरांच्या रोगांवरील अनेक प्रतिजैविक औषधेही त्यांच्यापासूनच मिळाली आहेत.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. तेथे अन्न थोडे व खाणारे फार. म्हणून काही जीवाणू शेजाऱ्यांची वाढ रोखणारे पदार्थ तयार करतात. प्रतिजैविके ती हीच.

१९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कृषि संशोधन केंद्रात डॉ. वॅक्समन यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांनी भरपूर शेणखत घातलेल्या शेतातील मातीतून एक जीवाणू वेगळा केला. त्यापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. ज्या क्षयरोगावर पेनिसिलीन चालत नव्हते, त्यावर हे गुणकारी ठरले. १९५२ साली वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

शोध कसा लावतात?

मातीचा नमुना निर्जंतुक पाण्यात मिसळून ते पाणी अनेक पटींनी पातळ करतात. त्याचे थेंब आगर या खळीसारख्या गोठलेल्या अन्नावर पसरतात. काही दिवसांत जीवाणूंचे ठिपके दिसू लागतात. मग प्रत्येक ठिपक्यातील जीवाणू रोगजंतूंच्या शेजारी वाढवितात. ज्याच्याभोवती रोगजंतू न वाढता स्वच्छ वर्तुळ राहते, तो उपयोगी समजावा. तथापि तो पदार्थ रोग्यास अपायकारक नाही ना, हे पाहण्यात पुढे अनेक वर्षे जातात.

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातही असे संशोधन झाले. तेथे बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसीन आणि पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंगिन ही औषधे शोधण्यात आली. हॅमायसीन देणाऱ्या जीवाणूस पिंपरीवरूनच नाव देण्यात आले.

पुढे मात्र तीच ती औषधे पुन्हा सापडू लागली. कारण मातीतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. यावर युक्ती निघाली. बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेक जीवाणू ठेवून, दोन्ही बाजूंस पातळ पडदा लावून ती पट्टी पुन्हा मातीतच ठेवावयाची. अमेरिकेतील मेन राज्याच्या मातीतून अशा रीतीने मिळालेल्या टेक्सोबॅक्टिनची माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली.

शेतकऱ्यांनी काय करावे?

नवे औषध सापडण्यास वर्षे लागतात. असलेले औषध निकामी होण्यास तेवढा वेळ लागत नाही. औषध वारंवार व विनाकारण वापरल्यास त्याला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात व वाढतात. ते जनावरांतून माणसांतही येऊ शकतात. याच कारणास्तव भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिनचा वापर बंद केला. म्हणून,

१. गाईला कासदाह झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नये.

२. सांगितलेली मात्रा पूर्ण करावी व सांगितलेले दिवस दूध विकू नये.

३. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात ही औषधे मिसळू नयेत.

ग्रामसेवकांनी या गोष्टी गोठ्यावर जाऊन समजावून सांगाव्यात. मातीने दिलेले हे औषध जपून वापरले, तरच ते पुढच्या पिढीच्या कामी येईल.