फुलबागेचं चित्र फॉरवर्ड केलं की फुलं कुठे जातात?

फुलबागेचं चित्र आणि मोबाईल यांचं फारसं पटत नाही. का, ते आज बघू.

क्लोद मोनेने १९०० साली फ्रान्समधल्या जिव्हर्नी इथल्या स्वतःच्या बागेचं चित्र काढलं. जवळून बघितलं तर जांभळ्या-हिरव्या रंगाचे नुसते फटकारे. चार पावलं मागे गेलं की आयरिसचे ताटवे दिसतात. आपल्याकडे ना. श्री. बेंद्रे यांनीही रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवून चित्रं केली. अशा चित्रात फूल रेषेने नाही, तर शेजारच्या रंगांतल्या फरकाने दिसतं.

१९९२ चं जेपेग स्टँडर्ड नेमकी तिथेच काटकसर करतं. ते फोटोतला उजेड आणि रंग वेगळे करतं. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चांगला कळतो, रंगातला कमी. म्हणून बहुतेक वेळा ४ पिक्सेलमागे उजेडाच्या ४ नोंदी ठेवतात, पण रंगाची एकच. मग ८×८ चे चौकोन पाडून त्यातले बारीक चढउतार कमी केले जातात. चेहऱ्याच्या फोटोत हे कळतही नाही. बागेच्या चित्रात मात्र प्रत्येक चौकोन चढउतारांनीच भरलेला असतो.

माझी लातूरची मामेबहीण स्पर्धेला चित्र पाठवणार होती. मला नांदेडला फोटो टाकला आणि लगेच फोन, "दादा, माझी जास्वंद कुठे गेली? सगळं शेवाळ दिसायलंय!" मेसेजिंग अ‍ॅपने ४०००×३००० चा फोटो १६००×१२०० केला होता. म्हणजे ६ पिक्सेलच्या जागी साधारण १. परीक्षक तर फोटोच बघणार, कागद नाही. महिन्याची मेहनत अशी वाया गेली असती.

तुम्ही एक चाचणी करा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. जी फुलं पानांत हरवतील, त्यांच्यात आणि पानांत फरक फक्त रंगाचा आहे. फोटो लहान केला की तीच आधी जातील.

उपाय सोपा आहे:

• फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा. फ्लॅश नको.
• पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल तशीच जाते.
• स्क्रीनशॉट पाठवू नका.
• वेबसाईटला २ एमबीची मर्यादा असेल तर मूळ फाईलवरून एकदाच लहान करा. पुन्हा-पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं नुकसान होतं.

आणि मूळ फाईल जपून ठेवा. एकदा गेलेला रंग कुठलंही अ‍ॅप खात्रीने परत आणू शकत नाही, ते फक्त अंदाज बांधतं.