पाय रुंद, बूट अरुंद

रोजच्या चपलेत खुशाल असलेलं पाऊल सायकलिंगच्या बुटात तासाभराने बधिर का होतं? साधा बूट चालताना वाकतो, थोडा सैलावतो. सायकलिंगच्या बुटाचा तळ मात्र कार्बनचा किंवा कडक नायलॉनचा, मुद्दाम न वाकणारा, कारण पायाचा जोर थेट पेडलवर उतरायला हवा. त्यात उन्हाने आणि श्रमाने पाऊल थोडं सुजतं. चवड्याची हाडं जवळ दाबली जातात आणि त्यांच्यामधून बोटांकडे जाणारी नस दारात चेंगरलेल्या वायरीसारखी चिमटते.

मग लोक एक नंबर मोठा बूट घेतात. हा उपाय फसवा. लांबी वाढते, रुंदी जेमतेम. टाच मात्र आत घसरू लागते. शिमानो, लेक यांसारख्या कंपन्या त्याच नंबरात रुंद साचाही देतात. बॉन्ट कंपनीचे काही बूट तर चक्क ओव्हनमध्ये गरम करून पावलाच्या आकाराला बसवता येतात!

दोन पावलं लहानमोठी असतील तर मोठ्याचं माप धरा आणि लहान पायाला जाड सुखतळा घाला. माप संध्याकाळी, उभं राहून घ्या. आणि नव्या बुटावर पैसे घालण्याआधी तळाची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी, थोडी मागे सरकवून पाहा. चवड्यावरचा भार त्यानेही हलका होतो, तोही फुकटात.