बल्ब नको, आधी अर्थ तपासा!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नव्या गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी करिझ्मा किंवा पहिल्या पिढीची पल्सर दिसतेच. पल्सर आली २००१ मध्ये, करिझ्मा २००३ मध्ये. म्हणजे काही गाड्या तुमच्याहून वयाने मोठ्या! पिकअप अजून झकास, पण रात्री गोरेगाव सोडून कोहमाऱ्याकडे निघालात की हेडलाइट मिणमिणतो. पुढे नवेगावबांधकडे तर जंगलच. रानडुक्कर कधी आडवं येईल, सांगता येत नाही.

मग आपण काय करतो? दुकानात जाऊन शंभर वॅटचा बल्ब घेतो. थांबा! या गाड्यांचा मूळ बल्ब ३५ वॅटचा. त्याला साधारण ३ अँपिअर करंट लागतो, शंभर वॅटला ८ च्या वर. दहावीतला ज्यूलचा नियम आठवा. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ आठपट! आधी होल्डर वितळतो, मग वायरिंग जळतं.

खरा दोष बहुतेकदा बल्बपर्यंत न पोहोचलेल्या व्होल्टेजचा असतो. १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले, तरी उजेड साधारण एक तृतीयांश कमी होतो. हे व्होल्ट कुठे गळतात, ते असं शोधा:

चावी ऑन, इंजिन बंद : लाइट लागला तर तो बॅटरीवर चालतो. इंजिन सुरू झाल्यावरच लागत असेल आणि रेसबरोबर कमी-जास्त होत असेल, तर करंट थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून येतो. अशा गाडीत आयडलवर लाइट मंद असणं हा बिघाड नाही.

काय बंद आहे? फक्त हाय किंवा फक्त लो गेला असेल तर बल्बची एक फिलामेंट किंवा डिपर स्विच बघा. दोन्ही गेले तर फ्यूज, कपलर आणि अर्थ तपासा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? तिथे तार किंवा चांदी लावून काम भागवू नका. कुठेतरी शॉर्ट आहे.

हँडल फिरवा : लाइट लावून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. लाइट लुकलुकला तर हँडलजवळ वायर आतून तुटत आलीय. वरून प्लास्टिक चांगलं दिसतं, फसू नका.

कपलर उघडा : आपल्याकडे पावसाळाभर गाडी चिखलपाण्यातून जाते. तांब्यावर हिरवा थर चढला असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पिना पॉलिश पेपरने घासा. काळवंडलेला, सैल कपलर बदलाच. घरात धानाची पोती असतील तर उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही बघा.

अर्थ मोजा : बॅटरीवरचा लाइट असेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाइट चालू असताना एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या अर्थ पिनला लावा. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट काढा, गंज आणि रंग खरवडा, घट्ट बसवा.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. त्यामुळे बिघाड दिवसाच लक्षात येतो. तुमच्या जुन्या गाडीला ती सोय नाही. म्हणून रात्री निघण्याआधी भिंतीसमोर गाडी उभी करून हाय-लो बघून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मित्राला किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनला गाठा. पण गेल्या गेल्या ‘भाऊ, मोठा बल्ब टाका’ म्हणू नका. ‘अर्थला एवढे व्होल्ट दाखवतंय’ असं सांगा. काम लवकर होईल आणि वायरिंगही वाचेल.