पाळी सुटते, काम चालू राहते

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघालात की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ साली येथे स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि पुढे वसाहत वाढत गेली. पाळी बदलण्याच्या वेळी या रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्या दिसतात. पहिल्या पाळीचा माणूस डबा उचलून घरी निघतो, दुसऱ्या पाळीचा त्याच्या जागी येतो. यंत्र मात्र चालूच असते. आपल्यासमोर कोण उभे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

संगणकाचे असे नसते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

समजा, शेंद्र्याजवळच्या एखाद्या गावात घरी बसून तुम्ही पुण्यातील एका मोठ्या संगणकावर काम करीत आहात. ही कल्पना मुळीच अवास्तव नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकासारख्या यंत्रांवर संशोधक विद्यार्थी दुरूनच काम करतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची, ती तारेवरून पुण्याला जाते, उत्तर परत येते. तुम्ही एका प्रचंड फाइलची नक्कल करण्याची आज्ञा दिलीत. काम दोन तासांचे. दीड तास झाला आणि गावातली वीज गेली! तासाभराने ती आली, तुम्ही पुन्हा जोडणी केलीत, तो समोर कोरा पडदा. नक्कल अर्धवट राहिलेली. पुण्यात तर वीज गेली नव्हती. मग काम थांबले का बरे?

याचे उत्तर जुन्या तारऑफिसात सापडते. युनिक्स ही संगणकप्रणाली घडली त्या काळात संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, अर्थात टेलिप्रिंटर. दूरचा टेलिटाइप दूरध्वनीच्या तारेने संगणकाला जोडत. माणसाने फोन खाली ठेवला की संगणक समजे, गृहस्थ गेले; आता त्यांची कामे चालू ठेवून काय उपयोग? मग तो त्या माणसाच्या सर्व कामांना ‘हँगअप’ म्हणजे ‘फोन ठेवला’ असा इशारा धाडी. इशारा मिळाला की काम संपे. टेलिटाइप अडगळीत गेले, पण ही रीत आजच्या लिनक्समध्येही तशीच आहे. तुमच्या गावची वीज गेली, जोडणी तुटल्याचे काही वेळाने पुण्याच्या संगणकाला उमगले आणि त्याने मुकाट्याने ‘फोन ठेवला’ असे कळवून टाकले.

यावरचा उपाय म्हणजे टर्मिनल मल्टिप्लेक्सर. नाव बोजड आहे खरे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली एकाच तारेवरून अनेक संदेश आळीपाळीने पाठविण्याची युक्ती काढली. अशा ‘एकात अनेक’ योजनेला मल्टिप्लेक्स म्हणतात. येथे एका जोडणीत अनेक पडदे चालतात. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात १९८७ साली ‘स्क्रीन’ नावाचा असा प्रोग्रॅम तयार झाला. २००७ साली निकोलस मॅरियट यांनी ‘टीमक्स’ लिहिला. आज बहुतेक जण तोच वापरतात.

टीमक्सची युक्ती साधी आहे. तो स्वतःचे दोन भाग करतो. एक भाग पुण्याच्या संगणकातच ठाण मांडून बसतो आणि तुमच्या कामापुढे एक खोटा टेलिटाइप धरतो. कामाला वाटते, माणूस समोर बसलेलाच आहे. दुसरा भाग तुमच्या जोडणीला चिकटलेला असतो आणि पडद्याचे चित्र तेवढे तुम्हांला दाखवतो. जोडणी तुटली तर हा दुसरा भाग मरतो. पहिल्याच्या केसालाही धक्का लागत नाही. पुन्हा आलात, ‘टीमक्स अटॅच’ म्हटलेत, की पडदा जसाच्या तसा हजर. मात्र खुद्द पुण्याचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर टीमक्सही जातो. शिवाय महासंगणकाच्या प्रवेशद्वारावरील यंत्रावर अवजड गणिते चालवू नयेत. ती रांगेतच लावावीत. तेथे टीमक्स वापरावा तो फाइली हलवायला आणि रांगेवर नजर ठेवायला.

आता तो आपल्या हाताला बेतून कसा घ्यावा ते पाहू. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या; येथे उच्चार देत आहे.) टीमक्सला उद्देशून काही सांगायचे तर आधी कंट्रोल आणि बी या कळा एकत्र दाबून सोडायच्या, मग पुढची कळ. डी दाबली की पडदा सोडून बाहेर, सी दाबली की नवी खिडकी, टक्क्याचे चिन्ह दाबले की पडद्याचे शेजारी-शेजारी दोन भाग. हे बी अक्षर कोठून आले? टीमक्सचा पहिला नमुना ‘स्क्रीन’च्या आत बसून लिहिला गेला. ‘स्क्रीन’ने कंट्रोल-ए अडवून ठेवले होते, म्हणून बी! पुष्कळ जण ते बदलून ए करतात. माझे मत विचाराल तर करू नये. कंट्रोल-ए ने ओळीच्या आरंभी जाता येते, ती सोय अडचणीत येते. आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसलात की बोटे चुकतात.

बदल लिहायचे ते तुमच्या घरच्या फोल्डरमधील ‘.टीमक्स.कॉन्फ’ या फाइलीत. ‘सेट -जी माउस ऑन’ लिहिले की उंदराने भाग निवडता येतात. ‘सेट -जी बेस-इंडेक्स १’ लिहिले की खिडक्यांची मोजणी शून्याऐवजी एकपासून होते. कळफलकावर एक डाव्या टोकाला आणि शून्य उजव्या, म्हणून हे सोयीचे.

‘एस्केप-टाइम’ची गोष्ट अधिक मजेची आहे. कळफलकावरची वर-खाली बाणांची कळ दाबली की एक नव्हे, अनेक चिन्हे जातात, आणि त्यांतले पहिले असते एस्केप. मग नुसते एस्केप आले तर टीमक्सने काय समजावे? कळ एस्केपची, की बाणाचा आरंभ? तो थोडा थांबून पाहतो. जुन्या आवृत्त्यांत हा थांबा ५०० मिलिसेकंद, म्हणजे तब्बल अर्धा सेकंद होता आणि ‘व्हीआय’ संपादकात काम करणारे वैतागून जात. ते स्वतः तो १० वर आणीत. अलीकडच्या आवृत्तीत मुळातच तेवढा केला आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ रंगाची आहे. खालची पट्टी मुळात हिरवी असते. घरच्या संगणकावर ती तशीच ठेवा आणि दूरच्या संगणकावरील फाइलीत ‘सेट -जी स्टेटस-स्टाइल बीजी=रेड’ लिहून ती लाल करा. दोन्ही पडदे सारखेच काळे असतात, आणि फाइली पुसण्याची आज्ञा भलत्याच संगणकावर दिली गेली तर ती परत घेता येत नाही.

एक प्रयोग करून पाहा. शाळेतील लिनक्स संगणकावर ‘टीमक्स न्यू -एस घड्याळ’ अशी आज्ञा द्या (‘घड्याळ’ हे नावही रोमन अक्षरांत). आत दर सेकंदाला वेळ छापणारी आज्ञा सुरू करा: ‘व्हाइल ट्रू, डू डेट, स्लीप १, डन’. मग खिडकी सरळ मिटून टाका. पुढचा तास संपला की नवी खिडकी उघडून ‘टीमक्स अटॅच’ म्हणा. घड्याळ चालूच असेल. आता कंट्रोल-बी आणि चौकटी कंसाची डावी कळ दाबून मागे मागे जा. पहिली ओळ सापडेल काय? टीमक्स पडद्याबाहेर गेलेल्या २००० ओळीच जपून ठेवतो, म्हणजे तेहतीस-चौतीस मिनिटांपूर्वीचे काही उरलेले नसेल. ‘सेट -जी हिस्टरी-लिमिट’ च्या पुढे कोणता आकडा लिहिला म्हणजे शाळेचा पाच तासांचा पूर्ण दिवस मावेल, तो हिशेब तुम्ही करा.