मेंदूचा उंबरठा आणि रंगाचे इंजेक्शन

गेल्या महिन्यात थोरल्या वहिनींच्या मेंदूचा एमआरआय होता. "शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावं लागेल," म्हणत तंत्रज्ञाने संमतीपत्र पुढे केले. वहिनींनी मला विचारले, "भावोजी, हे मेंदूत जाऊन बसणार नाही ना?"

प्रश्न साधा, पण उत्तर बरेच मागे नेते. १८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिकने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा! मेंदूला तो रंग धरतच नसावा, असे त्याला वाटले. १९१३ मध्ये त्याचाच शिष्य गोल्डमन याने रंग थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला आणि मेंदू निळा झाला. म्हणजे अडसर होता तो रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की प्राणवायू सहज आत जातो, साखरेला खास दार असते, पण परक्याला मज्जाव!

एमआरआयचे इंजेक्शन गॅडोलिनियम या धातूचे. (आपण त्याला रंग म्हणतो, पण ते पाण्यासारखेच दिसते.) सुटा धातू विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडलेले असते. शाबूत उंबरठा त्याला अडवतो. गाठ, जंतुसंसर्ग वा सूज यांनी तो फाटला, की औषध तिथे झिरपते आणि ती जागा उजळते. डॉक्टर शोधतात ती ही गळतीच.

अमेरिकेत हे औषध १९८८ पासून वापरात आले. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांना दिसले, की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूचे काही खोल भाग साध्या एमआरआयमध्येही उजळ दिसतात. पुढे मृतांच्या मेंदूत तो धातूच सापडला. उंबरठा धड असलेल्यांच्याही! मेंदूभोवतालच्या द्रवातून तो आत जात असावा, असा कयास आहे. उघड्या साखळीच्या पिंजऱ्यातून धातू जास्त सुटतो, बंद कड्याच्या पिंजऱ्यातून फार कमी. २०१७ मध्ये युरोपने मेंदूच्या तपासणीसाठी साखळीची औषधे थांबवली. अमेरिकेने, मूत्रपिंडे चांगली असलेल्यांना या साठ्याने अपाय झाल्याचे दिसलेले नाही, असे सांगून रुग्णांना माहितीपत्रक देणे सक्तीचे केले.

वहिनींना मी एवढेच सांगितले, की गाठीची शंका असताना इंजेक्शन नाकारणे मला पटत नाही. पण औषध कड्याचे की साखळीचे, हे विचारून घेऊ. मूत्रपिंडाचा जुना विकार असल्यास ते आधीच सांगायला हवे. २००६ मध्ये या औषधाशी संबंध लक्षात आलेला कातडी ताठरण्याचा गंभीर आजार अशाच रुग्णांत आढळला होता.