मेळावा संपल्यानंतरचे काम

चैत्र-वैशाखात खानदेशातील घरोघरी बिबडे, कुरडया व नागलीचे पापड करण्याची लगबग सुरू होते. हे कसब मायलेकींच्या हाती पिढ्यानपिढ्या आहे. जळगाव जिल्ह्यात त्यास केळीच्या वेफरची जोड मिळाली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत या जिल्ह्यासाठी केळी हेच पीक निवडण्यात आले.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत महिला बचत गटांचे मेळावे भरतात. तेथे माल खपतो, ओळखी होतात, हुरूप येतो. परंतु मेळावा दोन-तीन दिवसांचा आणि धंदा बारा महिन्यांचा. मंडप उतरल्यावर सल्ला देणारे कोणी नसेल, तर उरलेला माल व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावा लागतो.

अनुभवी माणसाच्या पाठबळाचे मोल लिज्जत पापडाच्या इतिहासावरून कळते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग आरंभिला. रक्कम देणारे छगनलाल पारेख यांनी हिशेब चोख ठेवण्याचा व धंदा धंद्याप्रमाणेच चालविण्याचा आग्रह धरला. भगिनींनी देणग्या न स्वीकारता मालाच्या दर्जावर भिस्त ठेवली. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली व खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

आपल्या गटांतही प्रथम हिशेब पाहावा. समजा, दहा किलो बिबड्यांना धान्य, तीळ-मसाला, सरपण व पिशव्या मिळून ९०० रुपये लागले आणि किलोस १५० रुपये भाव आला. वहीत ६०० रुपये नफा दिसेल. परंतु तिघींचा एकेक दिवस खर्ची पडला असून, प्रत्येकीची मजुरी ३०० रुपये धरल्यास वस्तुतः ३०० रुपये तोटा आहे. स्वतःचे श्रम फुकट समजणे, हीच या धंद्यातील मोठी गळती होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मेळाव्यातच प्रत्येक नव्या गटाची एका अनुभवी उद्योजक भगिनीशी गाठ घालून द्यावी.

२. पहिले सहा महिने तिने महिन्यातून एकदा गटाकडे यावे आणि खरेदी, मजुरी, विक्री व उधारी वहीत तपासावी.

३. अन्नसुरक्षा नोंदणी, वेष्टनावरील मजकूर व तारीख यांबाबत गटास साहाय्य करावे.

४. प्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

घरातील पुरुषमंडळींनीही विक्रीचा पैसा गटाच्या खात्यातच राहू द्यावा. तोच पुढील हंगामाचे भांडवल होय. पुढील मेळाव्यात किती भगिनी आल्या हे मोजण्याऐवजी, मागील मेळाव्यातील किती गट आज चालू आहेत, हे मोजावे.